वहिनीची पंचवीसची गाडी

वहिनीच्या गाडीचा स्पीड मी वाढवून आणला होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे पहिल्यांदाच सांगतोय. दादालाही माहीत नाही.

सुलभा वहिनी. भाईंदर पूर्वेला आमच्या गल्लीत सगळे तिला डबेवाली वहिनी म्हणायचे. चेणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये रोज बारा डबे पोचवायची, बॅटरीच्या स्कूटरवर.

लायसन्सच्या टेस्टला दोनदा गेली आणि दोन्ही वेळा आठ काढताना पाय टेकले. म्हणून ही गाडी घेतली. पंचवीसच्या वर जात नाही, त्यामुळे लायसन्स नको, नंबर प्लेट नको.

"भावजी, मला पंचवीसच बरी. त्याच्या वर माझा जीव घाबरतो."

गाडीला आवाज नाही, माणसं मध्येच येतात, म्हणून तिने हँडलला लेकीचे, प्रणालीचे, लहानपणीच्या नाचाचे घुंगरू बांधले होते. आम्ही चिडवायचो, बैलगाडी आली म्हणून. तीही हसायची.

एकदा सर्व्हिसिंगला गाडी मी नेली. मेकॅनिकला म्हटलं, चढावर दम टाकते.

"एक वायर का काम है भाई. लॉक निकाल देता हूँ, पचास जाएगी."

मी म्हटलं, "कर दो."

चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. ब्रेक तेच राहिले, पंचवीसचे.

वहिनीला विचारलं नाही. वाटलं, खूश होईल. नको तिथे शहाणपणा म्हणतात, तो हा.

चार दिवसांनी म्हणाली, "भावजी, गाडी हल्ली फार पळते हो. माझाच हात जड पडतोय का?"

"सर्व्हिसिंग झालंय ना वहिनी. हळू पिळा."

तेव्हा सांगता आलं असतं.

पुढच्याच आठवड्यात चेण्याच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. वहिनीची गाडी थांबली नाही.

पंचनाम्यात लिहिलं, नंबर प्लेट नाही. आम्ही सांगितलं, या गाडीला लागत नाही. किती पळायची, ते कुणी विचारलं नाही. मी तिथेच उभा होतो.

ती वायर काढल्यावर त्या गाडीला लायसन्स, नंबर, हेल्मेट सगळं लागत होतं, हे मला नंतर कळलं.

दादा अजून म्हणतो, "पंचवीसच्या गाडीवर माणूस जातो, म्हणजे नशीबच."

मी मान हलवतो.

आज सकाळी पार्किंगमधून घुंगरांचा आवाज आला. माझ्या हातातला कप सुटला.

खाली प्रणाली गाडी पुसत होती. दादाने पुढचा भाग दुरुस्त करून घेतलाय.

"काका, उद्यापासून आईचे डबे मी नेणार. लायसन्स नाही, पण ही गाडी सेफ आहे ना. पंचवीसच्या वर जातच नाही."

मी नुसतं म्हटलं, "चावी दे, एक राउंड मारून बघतो."

राउंड मारलाच नाही. प्रणाली वर घरी गेल्यापासून गाडीपाशी बसून फोनवर हे लिहितोय. चावी माझ्याकडेच आहे. दादाच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही. पण उद्या ती त्या उताराला लागेल. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो.

प्रणाली, वर येऊन सांगतोच. त्याआधी हे वाचलंस तर मला काय हवं ते बोल, पण चावी मागू नकोस.

वहिनी, तुमची भीती खरी होती.

तुमचा भावजी हात जोडतोय.