मांगराची कडी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर आधी हसायला म्हणून वाचायचे. मी बारावी सायन्स, पुढे डी.एड. केलेलं. गावच्या जत्रेत कोणाच्या अंगात आलं की मी मागे उभी राहून त्याचे पाय बघायची... ठेच लागेल अशा जागी बरोबर उचलून टाकतो की नाही ते. अशी मी. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे.

माझं माहेर देवगड, सासर तारकर्ली. घर किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर, माडांच्या बागेत. पुढे कौलारू घर, मागे परसात मांगर – म्हणजे जाळी, सोललेले नारळ, जुनी भांडी ठेवायची सुटी खोली. वर सिमेंटचे पत्रे, एक दार, हात जेमतेम जाईल एवढा झरोका. खिडकी नाही. हे नीट लक्षात ठेवा.

गोष्ट मे २००६ ची. मला आठवा महिना होता. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरीच होते. तेव्हा आमच्याकडे पर्यटक उतरायला लागले होते. पुढच्या दोन्ही खोल्या त्यांना, आणि मधली थंड खोली आमची. सीझन सुरू व्हायच्या आधी मी नवऱ्याला, प्रसादला, स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, "काळजी करू नको. तुझी खोली मी कोणाक देवचंय नाय."

एके दिवशी मी मालवणला तपासणीला गेले. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं, ऊन टाळ, पाणी भरपूर पी, थंड जागेत राहा, या दिवसांत अंग तापलं की बाळालाही सोसत नाही. रिक्षातून उतरले तर माझी गादी मांगरात घातलेली. मधल्या खोलीत पुण्याची माणसं.

"आठ दिवसांचो प्रश्न आसा," प्रसाद म्हणाला. "दरवर्षी येतत ती. त्यांका नाय कसा सांगू?"

सासूबाई खाली बघून मासे साफ करत राहिल्या.

दुपारी लोडशेडिंग. पत्रे असे तापायचे की गादीसुद्धा खालून गरम लागायची. पहिले दोन दिवस मी उठून पुढच्या ओसरीवर जाऊन गार जमिनीवर आडवी झाले. पाहुण्यांना ते आवडलं नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी प्रसादला म्हटलं, "बाळ सकाळपासून हलूक नाय."

"निजला असतला," तो म्हणाला. "तू पण नीज जरा." आणि पाहुण्यांना बोटीतून फिरवायला निघून गेला.

जाग आली तेव्हा डोक्यात घण पडत होते. घाम थांबला होता, अंग नुसतं कोरडं, भाजलेलं. जीभ टाळूला चिकटलेली. कशीबशी दारापर्यंत गेले... दार उघडेना. बाहेरून कडी होती. मी हाका मारल्या, पण शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप चालू होता. दोन्ही हातांनी दार बडवलं. मग पाय गेले. भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटावर हात ठेवून नुसतं म्हणत राहिले, हल गो, हल.

तेव्हा मागून कोणीतरी माझ्या बगलेत हात घातले. मागे भिंत होती, तरीही. हात थंड होते, ओले, विहिरीच्या पायरीला येतो तसा शेवाळाचा वास. बाईचा आवाज, अगदी कानाजवळ – "चल गो बाय. हयसर रवू नको."

तुम्ही म्हणाल, आई असेल. माझ्या आईचा आवाज मला माहीत आहे. तो नव्हता.

पुढचं आठवतं ते शेजारच्या काशीकाकूच्या विहिरीपाशी. मी कातळावर, सावलीत बसले होते. डोक्यापासून पायांपर्यंत चिंब. साडीतून पाणी निथळत होतं. समोर काशीकाकू.

"गो बाये, तू हय कशी? आणि ह्यां पाणी कोणी ओतल्यान? माझी कळशी नि दोर तर घरात आसत."

विहिरीचा काठ कोरडा ठणठणीत होता. काकूने आरडाओरडा करून रिक्षा आणवली. दवाखान्यात सलाईन, अंगावर ओली फडकी. बाळाचे ठोके फार जलद पडत होते. संध्याकाळी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, दोन किलोचीसुद्धा नाही. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. आणखी तासभर आत राहिले असते तर दोघीही गेलो असतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

दिवे लागल्यावर प्रसाद खाटेशी येऊन बसला. माझा हात धरून रडला.

"कडी मीच घातलेली. तू ओसरीर येवन निजतस म्हणान. बोटीसून इलंय तो तुका बघूक गेलंय, कडी तशीच होती. काढलंय तर आत कोण नाय. तितक्यात काशीकाकूची हाक इली. माका भय वाटता गो."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच फिरवला. निदान खरं बोलला, असं वाटलं.

मुलीला दवाखान्यातून सोडायच्या दिवशी देवगडहून आबा, माझे वडील, आले होते. डॉक्टरबाई सांगत होत्या, एवढ्या लहान जिवाला उकाडा झेपत नाही, ताप चढतो, अंगातलं पाणी कमी होतं, पत्र्याखाली अजिबात ठेवायचं नाही. आबांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी तिथेच प्रसादला विचारलं, "पावण्यांनु, पोरगी म्हणता कडी भायसून होती. खरा काय ता सांगा."

प्रसादने माझ्याकडे पाहिलंही नाही. एकदम प्रमाण मराठीत म्हणाला, "कडी कोण घालील, आबा? दार उघडंच होतं. हिला तापात भास झाला."

मी मुलीला छातीशी धरलं आणि आबांना म्हटलं, "माका देवगडाक न्हेवा."

याला चार वर्षं झाली. मी देवगडच्याच शाळेत शिकवते. मुलगी चपळ आहे, वयाच्या मानाने अंगाने बारीक. प्रसाद अधूनमधून भेटायला येतो, तिला खाऊ आणतो. मागच्या खेपेला मी त्याला कडीबद्दल शांतपणे विचारलं. तो म्हणाला, दवाखान्यात मी असं काही बोललोच नाही, तोही तुझा भासच.

उष्माघातात माणसाला काहीबाही दिसतं, ऐकू येतं, हे मी पुढे वाचलं. थंड हात, तो आवाज, सगळं भास होतं असं मी मानायला तयार आहे. दार उघडं होतं हेही मानलं तर काही गूढ उरत नाही. मीच उठले, मीच चालत गेले, पाण्याचंही काहीतरी कारण असेल.

पण मग त्या संध्याकाळी माझ्या खाटेशी बसून रडला, तो कोण होता?