मागच्या रांगेतली कुजबूज

नागपूरच्या कॉलेजात कांचन बडबडी म्हणून प्रसिद्ध होती. लग्न होऊन अमेरिकेत ॲन आर्बरला आली आणि दिवसचे दिवस गप्प राहू लागली. नवरा, संजीव, सकाळी प्रयोगशाळेत जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. म्हणून १९८४ साली सासूबाई राहायला आल्या तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. पण बर्फ पडू लागलं आणि त्यांनी घोशा लावला, "संजीव, माझं तिकीट काढ बाबा. खिडकीत बसून लोणच्यासारखी मुरतेय मी."

त्या थांबल्या त्या एका जपानी दिग्दर्शकामुळे. तामुरा त्याचं नाव. विद्यापीठात दर शुक्रवारी त्याचे सिनेमे दाखवत. पडद्यावर खाली इंग्रजीत संवाद यायचे, ते कांचन मागच्या रांगेत बसून सासूबाईंच्या कानात मराठीत सांगायची. आपण हळूच सांगतोय, असं आपलं तिला वाटायचं.

एकदा भुताचा सिनेमा, एकदा तलवारबाजी, मग नवराबायकोचं असं भांडण की हसून पुरेवाट.

"आई, हे सगळं एकाच माणसाचं? पटत नाही हो."

"एकाचंच. सिनेमा कुठलाही असो, दारात कुणीतरी चपला जोडीनं लावतंच. त्या मेल्या भुतानंसुद्धा लावल्या! बघितलं नाहीस?"

कसं बघणार? ती खालची अक्षरं वाचत होती ना!

पण पुढच्या रांगांतून "शूऽऽ" वाढत चाललं. एक मुलगा तर तक्रार करतो म्हणून तणतणत गेला. पुढच्या शुक्रवारी दाढीवाला आयोजक दारातच उभा.

"मागे बसून बोलता त्या तुम्हीच ना?"

हे बंद झालं की सासूबाई निघाल्याच, आणि मग पुन्हा त्या रिकाम्या घरात ती एकटी.

"सॉरी. यापुढे..."

"अहो, ऐका तरी. आज तामुराचा पहिला सिनेमा आहे, मूकपट. त्या काळी जपानात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायला माणूस असे. लोक त्याला ऐकायला यायचे! आज तुम्ही खुशाल बोला, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि पुढच्या वेळेपासून बाल्कनी उघडून देतो. तिथलं खाली ऐकू येत नाही."

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी कोपर ढोसलं. "हाकलतोय का?"

"नाही हो आई! बोला म्हणतोय!"

त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी कांचन मोकळ्या आवाजात बोलली. पडद्यावर नायक घरी आला, एक चप्पल इकडे भिरकावली, एक तिकडे.

"बघ," सासूबाई समजुतीनं म्हणाल्या, "तेव्हा तामुरा शिकायचा होता अजून."

संजीव न्यायला आला. गाडी सुरू करत म्हणाला, "आई, तिकिटाचं उद्या विचारतो हं."

"कसली घाई झालीय तुला? त्याचे पुष्कळ सिनेमे राहिलेत अजून."

मागच्या सीटवर कांचननं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की गाडीची काच धुरकटली.