त्या बारा फुटांबद्दल

“साहब, दोनों ले गया.”

फोनवर रामजीत होता, आमचा स्प्लायसर. ऑप्टिकल फायबर केबलच्या आत केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. त्या तुटल्या की पुन्हा जोडणारा तो स्प्लायसर. वीस वर्षांत मी रामजीतचा आवाज चढलेला ऐकला नाही. त्या दिवशीही चढला नव्हता.

“कौन ले गया?”

“सांड.”

“दोनों कैसे ले गया?”

“सींग में फँसा के. अभी सब्ज़ीवाले के पास खड़ा है. आप आइए, हमको छुड़ाने नहीं दे रहा.”

मी वाराणसीत एका इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनियर आहे. जन्म इथलाच, घरात मराठी, बाहेर हिंदी. बोलणं दोन्ही भाषांत कमीच. ही हकिकत मी आजवर घरीसुद्धा अर्धीच सांगितली आहे. उरलेली अर्धी इथे लिहितो.

रामजीतचा ‘दोनों’ हा शब्द मला का लागला, ते आधी सांगायला हवं.

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मधुराची कंपनी आहे. मधुरा आमच्या घरच्या पुरोहितांची, दत्तागुरुजींची मुलगी. पुण्यात सात वर्षं आयटीत नोकरी करून ती परत आली आणि इथल्याच तीस मुलामुलींना घेऊन तिने काम सुरू केलं. परदेशातले एक्स-रे आणि स्कॅन कॉम्प्युटरवर येतात, त्यांवर ही मुलं खुणा करतात, आणि त्या खुणांवरून तिकडचं मशीन शिकतं. “काशीत लोक मरायला येतात, काका,” ती म्हणायची, “मी म्हटलं, चार लोकांना नोकरी करायला आणू.”

तिच्या परदेशी क्लायंटची एक अट होती. ऑफिसला इंटरनेटच्या दोन केबल हव्यात आणि दोन्ही वेगळ्या रस्त्याने यायला हव्यात. एक तुटली तर दुसरी चालू. याला आमच्यात पाथ डायव्हर्सिटी म्हणतात. चाचणीचे तीन महिने लाइन नीट चालली तर काम कायमचं काशीत, नाहीतर नोएडाला.

“काका, दोन रस्ते आहेत ना?” सर्टिफिकेट घेताना तिने विचारलं होतं.

“आहेत,” मी म्हणालो आणि सही केली.

ते जवळजवळ खरं होतं. एक केबल मोठ्या रस्त्याकडून येत होती, दुसरी घाटाकडून पायऱ्या चढून. या गल्ल्यांत खोदायला जागा नाही, म्हणून केबल भिंतींवरूनच न्याव्या लागतात. घाटाकडची केबल शेवटी एका गच्चीवरून नेऊन ऑफिसच्या मागच्या बाजूने उतरवायची होती. ती गच्ची दत्तागुरुजींची. मी ती गच्ची टाळली. दुसरी केबल आधीच गल्लीत उतरवली आणि शेवटचे बारा फूट पहिल्या केबलच्याच पाइपमधून नेली. दुरुस्तीसाठी जास्तीची केबल वेटोळं करून भिंतीला टांगतात, तिला लूप म्हणतात. माझे दोन्ही लूप एकाच खिळ्याला होते. सांडाने मान खाजवायला तीच भिंत निवडली.

गच्ची का टाळली? गुरुजी आणि मी नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

माझ्या मुलाच्या मुंजीला गुरुजी चाळीस मिनिटं उशिरा आले. मुहूर्त टळला होता. ते म्हणाले, “गल्लीत सांड आडवा होता, हलेचना.” मी साठ माणसांसमोर म्हणालो, “सांडाला दोष देऊ नका गुरुजी. मोठा यजमान गाठ पडला असेल.” गुरुजींनी एक अक्षर न बोलता मुंज लावली, एकही विधी आखडता घेतला नाही. दक्षिणेला हात लावला नाही. पानावरही बसले नाहीत. त्यानंतर ते समोरून आले की मला मोबाइलमध्ये काहीतरी सापडायचं.

मधुराला नुसतं सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत तिने वडिलांना विचारलं असतं. पण माझं नाव घेऊन त्या घरात विनंती जाणार, हेच मला सोसेना. म्हणून बारा फूट.

तर सांड. मी पोचलो तेव्हा तो दोन्ही वेटोळी गळ्यात हार घातल्यासारखी मिरवत भोपळ्याची सालं खात होता. भाजीवाल्याने फोटो काढला होता. एक पालकाची जुडी, एक फुलकोबी आणि अर्ध्या तासाच्या विनवण्या एवढ्या खर्चात हार उतरला. रामजीतने तारा जोडायला घेतल्या. लाइन दोन तास बंद राहिली. त्या दोन तासांत मधुराचे अकरा फोन आले. शेवटच्या फोनवर ती एवढंच म्हणाली, “काका, क्लायंटला अठ्ठेचाळीस तासांत कारण लेखी हवंय.”

या कागदाला आरसीए म्हणतात. बिघाडाचं मूळ कारण काय, ते त्यात लिहायचं.

मी रात्रभर विचार केला. सांड लिहिणं शक्य नव्हतं. सांड एका वेळी एकाच ठिकाणी असतो, म्हणजे दोन्ही केबल एका ठिकाणी होत्या हे उघड झालं असतं. एका वेळी दोन ठिकाणी असू शकेल असं कुणीतरी हवं होतं. मी माकडं लिहिली.

सकाळी लखनऊहून आमचे साहेब, सक्सेना, फोनवर आले.

“बंदर? दोनों रूट पर?”

“जी सर.”

“ओटीडीआर क्या बोल रहा है?”

ओटीडीआर हे आमचं एक मशीन. ते केबलमध्ये प्रकाश सोडतं आणि आमच्या ऑफिसपासून किती अंतरावर तुटलंय ते सांगतं. एका रस्त्याने ते अंतर एकोणीसशे मीटर आलं, दुसऱ्याने सव्वीसशे. दोन्ही आकडे खरे होते. दोन्ही त्याच खिळ्यापाशी येऊन संपत होते, एवढंच मी सांगितलं नाही. मशीन खोटं बोललं नाही. मी फक्त नकाशा जोडला नाही.

“मतलब सात सौ मीटर का फर्क,” साहेब म्हणाले. “और टाइम? एक ग्यारह बयालीस, दूसरा ग्यारह तैंतालीस. एक मिनट में बंदर सात सौ मीटर भागा?”

“सर, दोन टोळ्या... दो टोली हैं.”

“आपस में बात हुई थी उनकी?”

तोंडाला आलं ते बोललो. “सर, मंगल था.”

सक्सेना साहेब दर मंगळवारी उपास करतात, मारुतीच्या दर्शनाशिवाय ऑफिसला जात नाहीत.

“हाँ,” ते हळू आवाजात म्हणाले. “मंगल तो था.”

आरसीए मंजूर झाला. क्लायंटनेही मान्य केला. तिकडच्या लोकांना माकडं ही भारतातली नैसर्गिक आपत्ती वाटली असावी. त्यांनी एक उपाय मात्र सुचवला: परिसरात माकडांना खायला घालणं बंद करावं.

परिसरात माकडांना रोज नेमाने खायला घालणारा माणूस एकच होता. दत्तागुरुजी. सकाळची संध्या झाली की गच्चीवर भिजवलेले हरभरे. मधुराने घरी जाऊन वडिलांना सांगितलं, “बाबा, तीस जणांच्या नोकरीचा सवाल है.” गुरुजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून गच्चीचं दार बंद.

इकडे माझी भरभराट सुरू झाली. सक्सेना साहेबांनी मला लखनऊला बोलावून पंचवीस इंजिनियरांसमोर प्रेझेंटेशन करायला लावलं. विषय, माकडांपासून केबलचं संरक्षण. मी तीस स्लाइड केल्या. एका स्लाइडवर दोन टोळ्यांच्या हद्दी बाणांनी दाखवल्या होत्या. जेवणाच्या वेळी एका इंजिनियरने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “सर, टोली का लीडर पहचानते कैसे हैं?” मी म्हणालो, “अनुभव से.” मला एक शील्ड मिळाली. ती मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. बायकोला सापडली तेव्हा तिने विचारलं, “बक्षीस आहे तर लपवलंय कशाला?”

महिन्याभराने मी मधुराच्या ऑफिसात राउटर बदलायला गेलो. जेवणाची वेळ होती. तिने डबा उघडला, पाहिलं आणि झाकण परत लावलं.

“काय झालं?”

“उसळ. रोज उसळ, काका. बाबा हरभरे घालायचे थांबले, भिजवायचे नाही थांबले. म्हणतात, हाताला सवय आहे. अब पूरा घर वही खा रहा है.” मग जरा थांबून म्हणाली, “गच्चीचं दार बाहेरून वाजतं सकाळी. बाबा आतून ऐकत बसतात. नाश्ता पण घेत नाहीत.”

मी राउटर बदलला आणि घरी आलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तरी मी काही बोललो नाही. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, माझ्या मनाला लाज वाटून भागत नाही, वरून ढकलणारा कुणीतरी लागतो.

तो ढकलणारा बंगळुरूहून आला. म्हणजे येणार असल्याची ईमेल आली. क्लायंटचा ऑडिटर शुक्रवारी येणार आणि दोन्ही केबलचे रस्ते पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत पायी चालून बघणार. त्या दिवशी मंगळवार होता. मी कॅलेंडर पाहिलं आणि गुरुजींच्या घराकडे निघालो. हातात तीनशे फूट केबल होती, म्हणजे परत फिरायला लाज वाटावी.

दार मधुराने उघडलं. गुरुजी आत पाटावर बसले होते. समोर हरभऱ्यांचं पितळी पातेलं. खिडकीच्या गजांबाहेर चार माकडं ओळीने बसली होती, सुनावणीला आल्यासारखी.

नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं याची मी वाटेत बरीच तयारी केली होती. तोंडातून निघालं ते असं:

“गुरुजी, केबल माकडांनी खाल्ली नाही.”

“माहीत आहे,” गुरुजी म्हणाले.

“कसं?”

“अरे भाई, हरभऱ्याचं साल काढून टाकतात ते. प्लास्टिक खातील होय?” त्यांनी एक हरभरा बोटांत धरून पाहिला. “कुणी तोडली मग?”

“सांडाने.”

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. मधुराही. बाहेरच्या चौघांनीही माना वळवल्या असं मला वाटलं. मग गुरुजी अगदी शांतपणे म्हणाले,

“सांडाला दोष देऊ नकोस, श्रीधर. मोठा यजमान गाठ पडला असेल.”

मी खाली बसलो. उभं राहून ते ऐकण्यासारखं नव्हतं. मग सगळं सांगितलं. बारा फूट, एक खिळा, दोन आकडे, दोन टोळ्या, शील्डसुद्धा. आणि शेवटी मुंजीबद्दल म्हणालो, “चुकलो.” एवढ्या शब्दाला नऊ वर्षं लागली. उच्चारायला अर्धा सेकंद पुरला.

“त्या दिवशी खरंच सांड होता,” गुरुजी म्हणाले. “पांढरा. एका शिंगाचं टोक मोडलेला.”

“हाही पांढराच आहे,” मी म्हणालो. “टोक मोडलेला.”

गुरुजींचं पोट हलायला लागलं. हसू आवरायला त्यांनी उपरणं तोंडावर धरलं. मग म्हणाले, “गच्चीवरून केबल ने. पण यांच्यावरचा आरोप मागे घे. लेखी. आणि आज जेवून जायचं.”

मधुरा हसली नव्हती. “मला विचारायचं होतं,” ती म्हणाली. “दोन मिनिटांचं काम होतं. मी तुमच्या सहीवर क्लायंटला शब्द दिला, सर.”

सर. लहानपणापासून काका म्हणणारी मुलगी. ऑडिटरला मी घाबरलो होतो त्याहून जास्त त्या एका शब्दाने घाबरलो. जेवायला उसळ होती.

मधुराने क्लायंटला ईमेल स्वतः लिहिली. काहीही लपवलं नाही, भाजीवाल्याने काढलेला फोटोही जोडला. मी दुरुस्त केलेला आरसीए खाली जोडला होता. उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिचं वजन किती उतरलं असेल ते तिलाच ठाऊक. रामजीतने आणि मी गच्चीवरून केबल नेली. खिळाही वेगळा, भिंतही वेगळी.

शुक्रवारी ऑडिटर मोजणीचं चाक ढकलत दोन्ही रस्ते चालला. गच्चीवर पोचला तेव्हा गुरुजी हरभरे घालत होते आणि आठ-दहा माकडं नव्या केबलला टेकून सालं काढत बसली होती.

“ये वही बंदर हैं?” त्याने विचारलं.

“हेच,” मी म्हणालो. “पर इन्होंने कुछ नहीं किया था.”

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर सांड बघायचा हट्ट धरला, आणि त्याच्यासोबत सेल्फी काढली. क्लायंटने चाचणी एक महिना वाढवली. तो महिना लाइन चालू राहिली. काम काशीत राहिलं. आज तिथे पंचेचाळीस मुलं आहेत.

मला एक लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची बढती गेली. दोन्ही रास्तच होतं. शील्ड परत करायला मी लखनऊला गेलो, तर सक्सेना साहेबांनी ती माझ्याकडे सरकवली. “रखिए. तीन शहरों में बंदर-प्रूफ पाइप लग चुका है. अब किस मुँह से बोलें कि सांड था?” पाइपच्या त्या फाइलमध्ये आजही माकडं दोषी आहेत. म्हणून हे इथे लिहावं लागलं.

नव्या इंजिनियरांना मी आता एवढंच सांगतो: दुसरा रस्ता हवा असेल तर बहुतेक वेळा आधी एका माणसाशी बोलावं लागतं. ते पोरं लिहून घेत नाहीत, कारण स्लाइडवर नसतं.

परवा मधुराकडे दहाची मीटिंग होती. पोचायला मला पावणेअकरा झाले. सगळे वाट बघत होते. कारण विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, “गल्लीत सांड आडवा होता.”

दोन वर्षं ती मला सरच म्हणत होती. तिने लॅपटॉपवरून मान वर केली.

“मग दुसऱ्या रस्त्याने यायचं ना, काका.”