गाडीसाठी वाळ्याचे पडदे

लोक हसायचे, हे मला चांगलं आठवतं. नागपूरच्या मे महिन्यात आमच्या राहत्या खोल्यांच्या खिडक्या उघड्या आणि गाडीच्या टिनाच्या शेडला मात्र चारही बाजूंनी वाळ्याचे पडदे. नंदनवन वस्तीतल्या शेजारणी विचारायच्या, गाडीला ऊन लागतं का? मी म्हणायचे, लागतं, तुम्हाला काय करायचंय?

गाडी जुनी, विलायती, गोल पाठीची. बाबांनी ती कोळशाच्या खाणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. छप्पन्न साली बौद्ध झालेल्या आमच्या घराण्यातली ही पहिलीच गाडी. रविवारी ते आम्हाला फुटाळा तलावावर न्यायचे, मुद्दाम सावकाश, म्हणजे लोकांनी नीट पाहावं. मला त्यांनीच गाडी शिकवली. त्यांचा तो दिमाख मला फार आवडायचा, आणि तो कुणाला खुपत असेल तर खुपू दे, असं मला तेव्हाही वाटायचं.

पुढे पेट्रोल महागलं आणि त्यातच बाबांची चंद्रपूरला बदली झाली. जाताना त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि गाडी शेडमध्ये लावली. धास्ती एकच होती, उन्हाने पेट्रोल उडून जाईल. नागपूरकराला उन्हावर एकच उपाय ठाऊक असतो. आई आणि मी सकाळ-संध्याकाळ पडद्यांवर पाणी मारत राहिलो. शेडमध्ये शिरलं की गार, ओला वास यायचा आणि आम्ही खूश व्हायचो.

बाबा बदलीवरून परतले तेव्हा गाडी सुरूच होईना. नवी बॅटरी घातली, हँडल मारून मारून त्यांचा हात सुजला, पण इंजिन नुसतं खोकायचं.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी लगेच निकाल लावला. नागपूरलगतच्या वाडी गावचा एक भंगारवाला त्यांच्या ओळखीचा होता. तो रविवारी ट्रक घेऊन येईल, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. "आपल्याले हे थाट झेपत नाही गा," ते बाबांना म्हणाले. मान खाली घालून बसलेले बाबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असलं बोलणं आमच्या घराने बाहेरच्यांकडून पुष्कळ ऐकलं होतं. आता तेच घरच्या माणसानेही ऐकवावं?

मी बीएस्सीला होते, रसायनशास्त्र घेऊन. टाकीखालची नळी सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. जरा वेळाने दोन थर दिसले, वर पेट्रोल आणि तळाशी गढूळ पाणी. तेव्हा काही पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट मिसळलेलं असायचं. स्पिरिट हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं, आणि ओलावा तर आम्ही मायलेकी बादल्यांनी पुरवत होतो! आईला सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. मलाही हसू आवरेना. चूक होती, पण मायेपोटी केलेली होती. त्या चुकीसाठी मी कुणापुढे मान खाली घालणार नव्हते.

मी कॉलेजला दांडी मारली. टाकी उतरवून तिच्यात बारीक गिट्टी घातली आणि आईने व मी ती दोन्हीकडून धरून खदखदा हलवली. आतून लाल गंज निघाला. मग टाकी धुऊन उन्हात वाळवली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला रबरी पडदा फुगून लिबलिबीत झाला होता, तो नवा आणला. बाबा ओट्यावरून नुसते पाहत होते. कार्बोरेटर खोलायला घेतला तेव्हा मात्र ते उठले आणि त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला.

रविवारी ट्रक येऊन फाटकासमोर उभा राहिला. मी स्टिअरिंगवर बसले, बाबांनी हँडल मारलं. गाडीने काळा धूर ओकला आणि ती सुरू झाली. मोठ्या बाबांचा चेहरा खुलला. मला वाटलं, सुटलो. पण ते भंगारवाल्याला म्हणाले, आता चालू गाडीचा भाव दे. म्हणजे चालू असो की बंद, गाडी जायचीच होती. मी काच खाली करून म्हटलं, गाडी विकायची नाही.

"तुले काय समजते वं?" ते म्हणाले. "उद्या लग्न होऊन जाशील. मंग चालवन कोण?"

मी बाबांकडे पाहिलं. ते ट्रकवाल्याजवळ गेले आणि त्याला ट्रक बाजूला घ्यायला लावला. मग थोरल्या भावासमोर येऊन उभे राहिले. त्यांना उलट उत्तर देताना मी बाबांना कधी ऐकलं नव्हतं.

"पोरगीच चालवन, दादा. तुमाले यायचं असन तं मागं बसा."

मोठे बाबा जागचे हलले नाहीत. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले, दार ओढून घेतलं, आणि मी गाडी रस्त्यावर काढली.