धावपट्टीवरचे पाय

महाप्यातल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे जुन्या फिल्मच्या रिळांवरून कॉम्प्युटरवर कॉपी काढतात. माझं काम सगळ्यात शेवटचं. कॉपी झालेली फिल्म बघायची आणि तिच्यात काय दिसतं ते एकेका ओळीत टाइप करायचं.

खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावर चाचणीची विमानं उतरू लागली, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी करावे गावात भाड्याने राहते. खालच्या मजल्यावर घरमालक, आणि त्यांची नव्वदीला टेकलेली आई. आयुष्यभर मासळी विकलेली, पाठीत वाकलेली, पण कान तिखट. सगळी बिल्डिंग तिला आजी म्हणते. विमानाचा आवाज आला की ती दारात येऊन उभी राहायची. एकदा मी जिन्यात चपला घालत होते, तेव्हा ती वर बघतच म्हणाली, "माझा बापूस इमानासाठी जमीन करायला गेलेला."

मग हळूहळू सगळं कळलं. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, तिचा बाप लष्कराच्या मजूर पलटणीत भरती झाला. होडी वल्हवणारा माणूस, ब्रह्मदेशाकडे गेला. दोन पत्रं आली, ती गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवली. आम्ही इथे विमानं उतरायला जमीन सपाट करतो, असं दुसऱ्यात होतं. त्यानंतर काहीच नाही. मेल्याचा कागदही नाही, त्यामुळे आजीच्या आईने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तो गेला तेव्हा आजी सहा वर्षांची होती.

हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना, कारण तेव्हाच आमच्याकडे एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या गोदामातून रिळांचे डबे आले होते आणि ते बहुतेक विमानांचेच होते. सगळ्यात जुन्या रिळात लाकूड-कापडाची विमानं होती. ती माणसाच्या उंचीइतकी उडायची आणि मैदानाच्या टोकाला कलंडायची. पुढचे डबे लढाईचे. त्यातल्या एकावर ब्रह्मदेशातल्या धावपट्टीचं नाव खडूने लिहिलेलं होतं. झाकण उघडलं तर आंबूस वास आला. हा वास आला की फिल्म सडायला लागली असं समजायचं.

मी घरमालकांना सांगितलं की कॉपी निघाली की आजीला दाखवते. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "तिच्या डोक्यात काय भरवू नका. आता कुठं शांत झालीय. आणि नाय दिसला तर?"

"नाही दिसला तर नाही दिसला," मी म्हणाले. "नुकसान काय आहे?"

हे वाक्य मी बोलले होते. अजून आठवतं.

कॉपी निघाली ती जेमतेम नऊ मिनिटांची. उरलेली फिल्म चिकटून दगड झाली होती. मी ती आधी एकटीने बघितली. आजीला नेऊ नये हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तोवर मी तिला रिळाचं सांगून बसले होते, ती दोन आठवडे रोज विचारत होती, आणि मला नाही म्हणता आलं नाही. एका रविवारी आईच्या हट्टापुढे घरमालकांनीही गाडी काढली आणि आम्हाला महाप्याला नेलं. आजीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पडद्यावर विमान उतरलं. साहेब लोकांनी हस्तांदोलन केलं. विमानाच्या पोटात खेचरं चढवली, पोती चढवली. आणि विमान पुढे सरकताना खाली, चाकांच्या पलीकडे, मजुरांची रांग दिसली. टोपल्या, काठ्या, अनवाणी पाय. माना आणि डोकी वरच्या पंखाआड कापली गेलेली. एक माणूस टोपली उचलायला वाकला, त्याचं डोकं आता दिसणार एवढ्यात फिल्म पांढरी झाली.

आजीने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघून तिने विचारलं, "यांची तोंडं कुठं हायत?"

मी म्हणाले, "फिल्म काढणाऱ्याने विमान धरलं होतं, आजी."

"मानसं नाय धरली?"

"नाही."

ती पडद्याजवळ गेली आणि बोटाने एकेक पाय दाखवत राहिली, जणू मासळी निवडतेय. मग हात खाली घेतला. "पाय तर सगल्यांचेच तसे. बंद कर, बाय."

परत येताना सानपाडा लागलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती काचेबाहेर बघत म्हणाली, "दिसला असता तरी मी वलखलं नसतं. त्याचं तोंड मना आठवत नाय."

घरमालकांनी आरशातून आईकडे बघितलं. "कधीपासून?"

"माझं लगीन व्हायच्या आधीपासून. आयेला बोलले नाय. ती इचारायची, तुला आठवतोय ना. मी हो बोलायची."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न मारले, तेव्हा कुठे घरमालकांनी गाडी हलवली. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो धरू दिला, पण त्यात काही जोर नव्हता.

पुढच्या महिन्यात ज्यांच्यासाठी कॉपी काढली होती त्या पार्टीचा निरोप आला: विमान नीट दिसतं तेवढंच ठेवा, बाकी काढून टाका. मजुरांचा तुकडा गेला. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना एकदा विचारून बघितलं. ते म्हणाले, त्यात बघण्यासारखं काय आहे? चिकटलेलं मूळ रीळ भंगारात गेलं.

भाद्रपदात आजीने मुलाला सांगितलं की या सर्वपित्रीला माझ्या बापसाच्या नावाचं पान वाढायचं. एवढ्या वर्षांत तिने ते कधी वाढू दिलं नव्हतं. जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत, म्हणायची. घरमालक मला जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, "तिने सोडून दिलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मलाही जेवायला बोलावलं होतं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आजी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफी मागणार होते बहुतेक.

"जेव," ती म्हणाली. "निवतंय."

मी जेवले.