पडद्याआडचे हात

मला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जमली, ती म्हणजे मोठ्याने वाचणं. हौशी नाटकांत वीस वर्षं कामं केली. राणी झाले, खाष्ट सासू झाले, एकदा ऐन वेळी नट आजारी पडला म्हणून मिशी लावून फौजदारही झाले. त्यामुळे रत्नागिरी-पावस रस्त्यावरचा, आंब्याचा रस डबाबंद करण्याचा आमचा छोटा कारखाना माझ्याकडे आला, तेव्हा तिथली प्रत्येक नोटीस चिकटवण्याआधी मी स्वतः वाचून दाखवायची असा रिवाजच पडला. प्रेक्षकांना उठून जाता येत नाही असं थिएटर सहसा मिळत नाही.

कामाला बारा बायका. सगळ्या आसपासच्या वाड्यांतल्या, बहुतेकींचे नवरे मुंबईला. एक डब्यांना लेबलं चिकटवते, बाकीच्या हंगामात लांबलचक स्टीलच्या टेबलाभोवती उभ्या राहून हापूस सोलतात. देठ मोडला की चीक येतो आणि चीक कातडी भाजतो. त्यावर बायकांचा उपाय म्हणजे घरी गेल्यावर मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वितळवून हातांना चोळायचं. माझा उपाय म्हणजे रबरी हातमोजे. ते मी मागच्याच्या मागच्या हंगामात छोटंसं भाषण करून वाटले होते. पुढे ते कुणाच्याच हातात दिसले नाहीत. चौकशी केली तर सगळ्यांनी ते पिशवीसकट घरी ट्रंकेत ठेवलेले.

"नवी वस्तू चिकात घालायची?" टेबलावरची सगळ्यात जुनी बाई म्हणाली. "खराब नाय होणार, वैनी?"

तिला सगळ्या थोरली म्हणतात. मी सून म्हणून या घरात आले त्याच्या आधीपासून ती टेबलाच्या टोकाला उभी आहे. कापलेल्या फोडीत साका, म्हणजे गरात पडणारी ती पांढरट आंबट गाठ, तिला लांबून दिसते. तिच्याशी हुज्जत घालायची माझी छाती नव्हती. खरं सांगते, फारशी इच्छाही नव्हती. हातमोजे वाटले, वाटतानाचा फोटो फाईलला लावला, माझ्यापुरता कायदा पाळून झाला.

यंदा कामगार कायद्याचे सल्लागार आले. चष्मा कपाळावर चढवून बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, वर्षातून एकदा कामगारांची मोफत वैद्यकीय तपासणी करून घ्या. नोटीस लावा, नोंद ठेवा." चार ओळींचा मसुदाही देऊन गेले. मला तो फारच मिळमिळीत वाटला. अंकाचा पडदा असा पडतो होय? म्हणून पाचवी ओळ मी पदरची घातली: तपासणीत अपात्र आढळणाऱ्या कामगाराची सेवा तत्काळ खंडित करण्यात येईल.

वाचताना 'तत्काळ'वर थांबले, 'खंडित'ला आवाज खाली आणला. टेबलाभोवती अशी शांतता पसरली की मला वाटलं, रंगलं!

तपासणीला रत्नागिरीहून एक वयस्क डॉक्टर आले. डब्यांच्या खोलीत चादरीचा पडदा बांधून दिला. एकेक बाई आत जायची. नाव, रक्तदाब, हात, की बाहेर. तासाभरात बाराच्या बारा आटोपल्या.

"सगळ्या ठणठणीत," चहाचा कप घेत डॉक्टर म्हणाले. "हात तर असे की आंबे सोलतात हे खरं वाटू नये. फक्त एक गंमत बघा. पाच जणींच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. त्याच जागी, त्याच आकाराचा. तुमच्याकडे सगळ्या बायका एकाच तव्यावर घावने काढतात का हो?"

मी चहा तसाच ठेवला.

"आणि त्या पाच जणींचा रक्तदाब," ते कागद बघत म्हणाले, "पहिलीपेक्षा दुसरीचा जास्त, दुसरीपेक्षा तिसरीचा. पाचवीच्या वेळी तर मीच घाबरलो."

घावन्याच्या तव्याचा तो डाग मला पाठ होता. तो आमच्या लेबलं चिकटवणाऱ्या बाईचा. ती आंब्याला हातच लावत नाही, म्हणून तिचे हात लोण्यासारखे. टोपी, मास्क, लांब एप्रन, डोळ्यांखेरीज काही दिसता कामा नये, हा नियम माझाच. एका तासात पाच भूमिका, त्याही वेश न बदलता! कबूल करायला लाज वाटते, पण मला आधी हेवा वाटला. राग नंतर आला.

मी टेबलापाशी गेले. लेबलवालीला म्हटलं, "काय गो, दमलीस? पाच वेळा आत जाऊन आलीस."

"तुमीच तर सांगितलंत, मास्क काढायचा नाय," ती म्हणाली. एक हसली, दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

"बाकीच्या चौघी कोण?"

चार जोड्या हात एप्रनखाली गेले. त्यातली एक जोडी थोरलीची.

"थोरले, हात दाखव."

"हात बगून काय करणार?" ती म्हणाली. "काय करणार ता लिवलंय ना तुमी. तत्काळ." हुबेहूब माझ्यासारखी थांबली. "खंडित."

आपलीच नक्कल आपल्यालाच ऐकवली जाते तेव्हा टाळ्या कोण वाजवणार?

"वैनी, दुसरं काम मला येत नाय," ती एवढंच म्हणाली आणि हात बाहेर काढले. तळवे भेगाळलेले, बोटांच्या पेरांना जखमा. मूठ मिटत नव्हती. मी रोज तिच्यासमोरून जात होते.

डॉक्टरांना परत बसवलं. या वेळी पडदा नाही. चौघींचे हात बघून त्यांनी मलम लिहून दिलं, महिनाभर चीक बंद, आणि नंतर सुती मोज्यावर रबरी मोजा. मग मला म्हणाले, "हे तुमच्या कामामुळे झालंय, बाई. यात त्यांना अपात्र कसलं ठरवता?"

सल्लागारांना फोन लावला. ते किंचाळलेच. "कामाने आजारी पडलेल्या माणसाला कामावरून काढणार? मॅडम, तुम्हीच अडचणीत याल! हे वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतं."

"माझं आहे," मी म्हटलं. "भारदस्त वाटलं."

त्याच दुपारी नवी नोटीस लिहिली. हात बिघडले तर काम बदलून मिळेल, मजुरी तीच राहील, आणि कुणालाही काढलं जाणार नाही. वाचायला उभी राहिले, तर थोरली म्हणाली, "नाटकातला आवाज न काढता वाचा. कळायला पायजे." मी रेशनच्या रांगेतल्यासारखं वाचलं. तिने खाली सही मागितली, सहीवर शिक्का मागितला आणि स्वतःसाठी एक प्रत मागितली.

चौघी आता डबे पुसतात, लेबलं लावतात. थोरली टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसते आणि फोडींतला साका लांबूनच दाखवते. हात लावायचा नाही असं सांगितल्यापासून तिची जीभ दुप्पट चालते.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी ट्रंकेतले हातमोजे घेऊन आल्या. थोरलीचीही जोडी होती, अजून कोरी. ती तिने सोलणाऱ्या एका बाईला आलटून-पालटून घालायला दिली. मोज्यांची प्लॅस्टिकची पिशवी मात्र घडी करून परत नेली.

"पिशवी कशाला?" मी विचारलं.

"नोटीस ठेवायची हाय तीत," ती म्हणाली. "खराब नाय झाली पायजे."