रीजिग, आणि आईच्या हातातला झाडू

“हम बस थोड़ा रीजिग कर रहे हैं,” असं म्हणत नव्या मॅनेजरनं माझ्या आईच्या हातात झाडू दिला. छत्तीसगडातल्या भिलाई-३ जवळच्या एका वर्कशॉपात ती ठेकेदाराकडून ड्रिल मशीन चालवायची. तिच्या जागी पॅकिंगमधला माणूस उभा केला. बाकीच्या बायांनाही मशीनवरून उठवलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “बाबू, रीजिग म्हंजे का रे?”

मी आयटीआयचा फिटर, वर कामगारांसाठी पत्रकं लिहिणारा. डिक्शनरी उघडली आणि डोकंच फिरलं. हा शब्द ऑफिसातला नाहीच, वर्कशॉपातला आहे! जिग म्हणजे नग घट्ट धरणारी लोखंडी चौकट, ड्रिलला भोकाची जागा दाखवणारी. वेगळा माल काढायचा तर जिगा बदला, कारखाना नव्यानं जुळवा, हे रीजिग. मग कोटवाल्यांनी शब्द उचलला. आता खुर्च्या, वेळापत्रक, माणसं, काहीही इकडचं तिकडे केलं की रीजिग. कोणाचं काम हिसकावलं असं म्हणावं लागत नाही ना!

पण जिग बदलली की पहिला नग तपासायला जातो. तो पास झाल्याशिवाय दुसरा लावत नाहीत. मी पत्रकात तेच विचारलं: माणसं हलवलीत, पहिला नग कोणी तपासला?

आई वाचून घाबरली. “असं नको लिवू. मले काढूनच टाकतीन.”

“मंग झाडूच मारत राहशीन काय?”

पत्रक मी गेटवर वाटलं.

आठवडाभरात पॅकिंगवाल्या माणसाच्या हातून भोकं वाकडी जाऊ लागली. जिगखालचा लोखंडाचा चुरा ब्रशनं झाडायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचा काय दोष? रिजेक्ट मालाचा ढीग लागला, तेव्हा मॅनेजर आईकडे आला.

“दीदी, एक बार सेट करा दो.”

“अन् मंग?”

“फिर अपनी सफाई.”

“साहेब, मी तं झाडूवाली हावो ना. मशीनले मशीनवाला पायजे.”

हे सगळं तिनं मला चहा गाळता गाळता सांगितलं. मी ओरडलोच, “वा, आई!” ती माझ्यावरच चिडली, “तुले मजा वाटून राहिली!”

तिला काढलं नाही. मशीनही दिली नाही. त्या माणसाला परत पॅकिंगला पाठवलं आणि ड्रिलवर प्लास्टिक टाकलं. बंद मशीन चालते यांना, तिच्यावर बाई चालत नाही!

परवा विचारलं, मशीनजवळ झाडायला जाते का म्हणून.

“नाई,” ती म्हणाली. “तेवढी जागा सोडून देतो मी.”